विश्लेषण : फिल्म कॅमेरे परतले, पण अंधारात रोल भरणार कोण?

ऑक्टोबर २०२५ मध्ये कोडॅकने 'कोडाकलर १००' आणि 'कोडाकलर २००' या नावांनी रंगीत फिल्मचे रोल बाजारात आणले. त्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्टमध्ये, याच कंपनीने आपल्या तिमाही अहवालात कर्जफेडीची मुदत पाहता पुढे कामकाज चालू ठेवता येईल की नाही याबद्दल शंका असल्याचं नमूद केलं होतं. एकीकडे दिवाळखोरीची चर्चा आणि दुसरीकडे नवा रोल. फिल्म फोटोग्राफीचं सध्या असंच चाललं आहे.

फिल्म परत का आली, यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यात एक टप्पा मात्र बहुतेक वेळा सुटतो. कॅमेऱ्यातला रोल संपल्यावर तो कुणीतरी पूर्ण अंधारात बाहेर काढून धुण्याच्या टँकमध्ये भरावा लागतो. काम जेमतेम पाच-दहा मिनिटांचं, पण ते चुकलं तर रोलवरचे सगळे फोटो कायमचे जातात. पूर्वी हे काम लॅबमधली यंत्रं आणि माणसं करत होती. आज कॅमेरा मिळतो, फिल्मही मिळते, पण हे काम करणारे कमी झाले आहेत.

नेमकं घडतंय काय?

जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा फिल्मचा विषय संपला असं जवळपास सगळ्यांनीच मानलं होतं. पुढच्या काही वर्षांत उलटंच चित्र दिसू लागलं. २०२२ मध्ये लायकाने आपला जुना 'एम-६' हा फिल्म कॅमेरा पुन्हा बनवायला घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये 'इलफर्ड'ची फिल्म बनवणाऱ्या ब्रिटनमधल्या हारमन कंपनीने 'फिनिक्स २००' ही आपली रंगीत फिल्म आणली. जून २०२४ मध्ये 'पेंटॅक्स १७' हा नवाकोरा फिल्म कॅमेरा आला. त्यात एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो बसतात, म्हणजे ३६च्या रोलवर ७२ फोटो निघतात. वाढत्या मागणीमुळे कोडॅकने नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉचेस्टरच्या कारखान्यातलं फिल्मचं उत्पादन काही काळ थांबवून यंत्रणा सुधारून घेतली.

या लाटेतले बरेच ग्राहक विशीतले आहेत. त्यांच्या लहानपणी घरात डिजिटल कॅमेरा किंवा मोबाइल होता. 'रोल धुवायला टाकणे' हा वाक्प्रचार त्यांनी आईवडिलांच्या तोंडून ऐकला असेल, पण रोल धुतात म्हणजे नेमकं काय करतात, हे पाहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

रोल उजेडात उघडला तर काय होतं?

फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर, आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक. स्फटिकावर प्रकाश पडला की त्यात चांदीचे मोजके अणू मोकळे होतात. साधारण चार अणूंचा पुंजका तयार झाला तरी पुढे डेव्हलपर त्या स्फटिकाचं पूर्ण चांदीत रूपांतर करतो. एवढासा बदल डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकालाही सहज दिसत नाही. म्हणून फोटो काढून झालेली, पण न धुतलेली फिल्म कोरीच दिसते. चित्र तिच्यावर असतं, पण सुप्त अवस्थेत.

ही सुप्त प्रतिमा किती टिकते, याचं एक विलक्षण उदाहरण आहे. १८९७ मध्ये स्वीडनचा आंद्रे हा संशोधक दोन साथीदारांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि तिघेही बेपत्ता झाले. १९३० मध्ये आर्क्टिकमधल्या एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष सापडले, सोबत न धुतलेल्या फिल्मही सापडल्या. तेहेतीस वर्षं बर्फात राहिलेल्या त्या २४० फ्रेमपैकी ९३ फोटो स्टॉकहोममधल्या जॉन हर्ट्झबर्ग या तज्ज्ञाने वाचवले. मोहिमेचं शेवटी काय झालं, हे जगाला त्या फोटोंतून दिसलं.

तेहेतीस वर्षं टिकणारी हीच प्रतिमा उजेडात मात्र क्षणभरही टिकत नाही. ४०० आयएसओची फिल्म भर उन्हात वापरताना लेन्सचं छिद्र जवळपास पूर्ण मिटवून सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरता प्रकाश आत घेतला तरी फोटोला पुरतो. तीच फिल्म खोलीतल्या ट्यूबलाइटखाली दोन सेकंद उघडी राहिली, तर सगळे स्फटिक एकदम प्रकाशित होतात आणि धुतल्यावर हाती काळी ठिक्कर पट्टी येते. त्यावर नंतर कोणताही इलाज चालत नाही.

सिनेमात दिसतो तो लाल दिवा?

डार्करूम म्हटलं की डोळ्यांसमोर लाल दिवा, ट्रेमधला कागद आणि त्यावर हळूहळू उमटणारा चेहरा येतो. ते दृश्य खरं आहे, पण ते फोटो छापण्याचं आहे. कृष्णधवल छपाईच्या कागदाला लाल रंग 'दिसत' नाही, त्यामुळे तिथे लाल दिवा चालतो. पूर्वी दवाखान्यात एक्स-रे धुणारे तंत्रज्ञही याच कारणामुळे लाल दिव्यात काम करू शकत.

कॅमेऱ्यातल्या आजच्या बहुतेक फिल्मना मात्र सगळे रंग दिसतात. रंगीत फिल्मला तर ते दिसायलाच हवेत. कृष्णधवल फिल्मही आता बहुतांशी 'पँक्रोमॅटिक', म्हणजे लाल प्रकाशालाही प्रतिसाद देणारी असते. म्हणून फिल्म टँकमध्ये भरताना कोणताच दिवा चालत नाही. मोबाइलचा स्क्रीन, घड्याळाचे चमकणारे काटे, एसीवरचा हिरवा ठिपका, दाराखालची फट, हे सगळं बंद व्हावं लागतं. खोली पुरेशी अंधारी आहे का, हे तपासायची जुनी पद्धत सोपी आहे. दिवा मालवून पाच-दहा मिनिटं आत बसायचं. डोळे अंधाराला सरावल्यावर तोंडासमोर धरलेला हात दिसला, तर ती खोली चालणार नाही.

मग रोल भरतात कसा?

घरी रोल धुणारे बहुतेक जण डार्करूमऐवजी 'चेंजिंग बॅग' वापरतात. ही जाड काळ्या कापडाची दुहेरी पिशवी असते. तिला एकावर एक दोन चेन असतात आणि हात घालायला इलॅस्टिक लावलेल्या दोन बाह्या. सगळं सामान आधी आत ठेवायचं, चेन लावायच्या, मग बाह्यांमधून हात घालून फक्त स्पर्शाने काम करायचं.

आत ठेवायच्या गोष्टी सातच असतात: रोल, रोलची डबी उघडायला बाटलीचं ओपनर, कात्री, रील, टँक, टँकच्या मधली पोकळ नळी आणि झाकण. यातली एखादी बाहेर राहिली तर उघड्या फिल्मसकट पिशवीत अडकून पडायची वेळ येते. म्हणून जाणकार चेन लावण्याआधी सामान दोनदा मोजतात.

पहिलं काम डबी उघडण्याचं. ३५ मिमीच्या पत्र्याच्या डबीचं एका टोकाचं झाकण ओपनरने निघतं. फिल्मचं तिरपं कापलेलं तोंड सरळ कापून घ्यायचं. कापताना फिल्मच्या कडेच्या छिद्रांमधून कात्री गेली तर तिथे टोक राहतं आणि ते पुढे रीलमध्ये अटकतं. कोपरे किंचित गोल केले की फिल्म सहज सरकते.

मग खरी परीक्षा सुरू होते. ३६ फोटोंची फिल्म दीड मीटरपेक्षा थोडी लांब असते. ती रीलवर अशी गुंडाळावी लागते की एक वेढा दुसऱ्याला कुठेही चिकटणार नाही. दोन वेढे चिकटले तर मध्ये रसायन पोहोचत नाही आणि तेवढ्या भागातला फोटो डेव्हलपच होत नाही. प्लास्टिकच्या रीलमध्ये तोंडाशी बारीक छर्रे असतात. फिल्मचं टोक त्यांच्या पुढे ढकललं की रीलच्या दोन बाजू आलटून पालटून पुढे-मागे फिरवायच्या, फिल्म आपोआप आत खेचली जाते. स्टीलच्या रीलमध्ये उलट आहे. तिथे फिल्म मधोमध अडकवून बाहेरच्या दिशेने गुंडाळावी लागते. सवय व्हायला वेळ लागतो, पण ती ओलसर असली तरी फारशी अडत नाही.

शेवटी फिल्मचं टोक डबीच्या आतल्या दांडीपासून कापायचं, रील नळीवर बसवायची, नळी टँकमध्ये ठेवायची आणि झाकण खट्ट असा आवाज येईपर्यंत फिरवायचं. या झाकणाची रचना अशी असते की रसायन आत जातं, पण प्रकाश जात नाही. यानंतर दिवा लावला तरी हरकत नाही. डेव्हलपर, स्टॉप बाथ आणि फिक्सर, म्हणजे स्टुडिओवाले ज्याला हायपो म्हणत, ही पुढची सगळी कामं उजेडात होतात.

चुकतं कुठे?

सगळ्यात घातक चूक असते मधली नळी विसरण्याची. पॅटरसनसारख्या टँकमध्ये ही नळी आणि झाकण मिळूनच प्रकाश अडतो. नळी नसतानाही झाकण नीट बसतं, टँक बाहेरून बंदच दिसतो आणि प्रकाश मात्र मधल्या भोकातून थेट फिल्मवर पडतो. चूक कळते ती सगळं धुऊन झाल्यावर.

दुसरा शत्रू ओलावा. प्लास्टिकची रील जराशी जरी ओली असली तरी जिलेटिन फुगून चिकट होतं आणि फिल्म अर्ध्यावर अडते. ही अडचण मुंबई-कोकणात जास्त जाणवते. जून ते सप्टेंबर हवेतच दमटपणा असतो, त्यात बंद पिशवीत दोन्ही हातांना घाम येतो. फिल्म अडली की माणूस जोर लावतो, जोर लावला की फिल्म दुमडते आणि दुमडलेल्या जागी नंतर निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखे काळे डाग दिसतात.

यावर उपाय साधे आहेत. रील आधी हेअर ड्रायरने कोरडी करायची. पिशवीऐवजी रात्री खिडकी नसलेलं किंवा काच झाकलेलं बाथरूम वापरायचं आणि दाराच्या फटीला टॉवेल लावायचा. पावडर नसलेले पातळ हातमोजे घालायचे. आणि फिल्म अडलीच, तर ती ओढत बसायचं नाही. तशीच सुटी टँकमध्ये ठेवून, नळी आणि झाकण लावून हात बाहेर काढायचे. पंख्याखाली दहा मिनिटं बसून, हात पुसून पुन्हा सुरुवात करायची. टँक बंद आहे तोवर फिल्मला घाई नसते.

तिसरी चूक १२० आकाराच्या मोठ्या रोलमध्ये होते. त्यात फिल्म कागदाला टेपने चिकटवलेली असते. अंधारात ती टेप झटक्यात ओढली तर चिकटपट्टी सुटताना क्षणभर फिकट प्रकाश चमकतो आणि फिल्मच्या कडेला डाग पडू शकतो. टेप हळू सोडवली की हा धोका जवळपास राहत नाही.

या सगळ्यावर शिकवणारे एकच सल्ला देतात. एखादा खराब रोल बळी द्यायचा. तो आधी उजेडात, मग डोळे मिटून आणि मग पिशवीत, हात आपोआप चालू लागेपर्यंत रीलवर चढवायचा. महत्त्वाचा रोल त्यानंतरच.

आधी हे काम कोण करायचं?

१८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा विकायला आणला, तेव्हा त्याची खरी युक्ती हीच होती. कॅमेऱ्यात शंभर फोटोंची फिल्म भरूनच यायची. संपली की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. ते फिल्म काढून धुणार, छापणार आणि नवी फिल्म भरून कॅमेरा परत देणार. अंधाराचं काम ग्राहकाकडून काढून घेतलं गेलं आणि फोटोग्राफी घराघरात पोहोचली.

महाराष्ट्रात याच अंधाराचा एक मोठा अध्याय आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन आले. तेव्हा येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची छिद्रं नसत, ती अंधारात पाडावी लागत. दादरच्या घरात हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. छिद्रं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं अशा कितीतरी गोष्टी त्यांनी केल्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, त्यामागे अंधारात राबलेले हे हातही होते.

पुढे मिनी लॅबची यंत्रं आली आणि गल्लीतल्या 'कलर लॅब'मध्ये तासाभरात फोटो मिळू लागले. या यंत्रात रोलचं फक्त तोंड बाहेर काढून लावायचं, बाकी अंधार यंत्राच्या पोटात. त्यामुळे दुकानदारालाही हाताने रोल भरायची गरज उरली नाही.

इथेच आजच्या अडचणीचं मूळ आहे. ही यंत्रं गर्दीसाठी बनलेली होती. रोज पुरेसे रोल आले तरच त्यातली रसायनं ताजी राहतात, नाहीतर हवेमुळे ती खराब होतात. डिजिटल आल्यावर रोल कमी झाले आणि थोड्या रोलवर यंत्र चालवणं परवडेना. त्यामुळे बहुतेक लॅब काम कमी करून टिकल्या नाहीत, त्यांनी ते बंदच केलं. यंत्रं भंगारात गेली आणि हाताने रोल भरणारी पिढी तर त्याआधीच बाजूला झाली होती.

अंधार टाळता येईल का?

प्रयत्न जुने आहेत. १९३०च्या दशकात आग्फाने 'राँडिनॅक्स' नावाचा टँक काढला होता. त्यात बंद रोल उजेडात ठेवायचा आणि बाहेरची मूठ फिरवून फिल्म आतल्या आत रीलवर घ्यायची. २०१७ मध्ये हीच कल्पना 'लॅब-बॉक्स' या नावाने परतली. लोकांकडून वर्गणी गोळा करून ते उपकरण बनवलं गेलं.

नवशिक्यासाठी अशी उपकरणं उपयोगी आहेत, पण एका वेळी एकच रोल होतो आणि आत काही अडकलं तर उघडायला शेवटी अंधारच लागतो. फुजीच्या इन्स्टॅक्ससारख्या झटपट फोटोंमध्ये हा प्रश्न मुळातच नाही, पण त्यात निगेटिव्हही मिळत नाही.

भारतात स्थिती काय?

भारताकडे एकेकाळी स्वतःचा फिल्म कारखाना होता. १९६० मध्ये उटीला 'हिंदुस्तान फोटो फिल्म्स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. फ्रान्सच्या बोशे कंपनीचं तंत्रज्ञान घेऊन १९६७ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. 'इंदू' या नावाने तिची कृष्णधवल फिल्म, छपाईचा कागद आणि एक्स-रे फिल्म देशभर विकली जायची. हा कारखाना आता बंद आहे. आज भारतात वापरला जाणारा रोल आयात होऊन येतो आणि आयातीचा खर्च त्याच्या किमतीत मिळवला जातो.

रोल धुणाऱ्या लॅब आता मोजक्या मोठ्या शहरांत उरल्या आहेत. लहान गावातल्या माणसाला रोल कुरिअरने पाठवून वाट पाहावी लागते. विमानप्रवासात आणखी एक धोका वाढला आहे. हातातलं सामान तपासणारे नवे सीटी स्कॅनर जुन्या एक्स-रे यंत्रांपेक्षा जास्त तीव्र असतात. न धुतलेली फिल्म त्यातून नेऊ नका, हाताने तपासायला सांगा, असा इशारा फिल्म कंपन्याच देतात. भारतातल्या मोठ्या विमानतळांवरही असे स्कॅनर येत आहेत.

त्यामुळे घरी रोल धुणं हा इथे अनेकांसाठी छंदापेक्षा गरजेचा भाग होतो. त्यातही हवामानाचा फरक आहे. इलफर्डची एचपी-५ ही कृष्णधवल फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटं धुवावी, असं पत्रक सांगतं. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच तिशीच्या आसपास असतं. म्हणून डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान खाली आणावं लागतं. रंगीत फिल्मला साधारण ३८ अंश लागतात, तिथे उलट पाणी गरम करावं लागतं. हे अंश थोडे चुकले तर फोटो फिका किंवा गडद येतो. अंधाराचा टप्पा चुकला तर फोटोच येत नाही.

पुढे काय?

कोडॅक, हारमन आणि पेंटॅक्स यांच्या घोषणांवरून फिल्मचं भवितव्य ठरवण्याचा मोह होतो. पण पहिला रोल विकत घेणं सोपं आहे. दुसरा घेतला जाईल की नाही, हे पहिला नीट धुऊन मिळाला का यावर ठरतं. सहलीचा, लग्नाचा किंवा आता हयात नसलेल्या आजीचा एकमेव रोल काळा निघाला, तर तो माणूस पुन्हा फिल्मकडे वळायची शक्यता कमी.

मागणी वाढली तरी गल्लोगल्लीच्या लॅब परत येतील, असं आज दिसत नाही. तेवढे रोल रोज जमणं कठीण आहे. शक्यता आहे ती छोट्या सोयींची. एखाद्या शहरात पाच-दहा जणांनी मिळून चालवलेली डार्करूम, कॉलेजच्या फोटोग्राफी विभागातली बंद पडलेली खोली पुन्हा उघडणं, किंवा एका शनिवारी खराब रोलवर शिकवणारी कार्यशाळा. याला मोठं भांडवल लागत नाही. एक टँक, एक पिशवी आणि ज्याच्या हाताला हे काम माहीत आहे असा एक माणूस लागतो.

असे लोक अजून आहेत. जुने स्टुडिओवाले, वर्तमानपत्रांचे निवृत्त छायाचित्रकार, रुग्णालयांत वर्षानुवर्षं एक्स-रे धुतलेले तंत्रज्ञ. त्यांच्या हातातलं हे काम व्हिडिओ पाहून अर्धंच शिकता येतं, कारण अंधारात कॅमेऱ्यालाही काही दिसत नाही. रील कुठे अडते आणि किती जोर लावायचा, हे शेजारी बसूनच समजतं. ते शिकून घ्यायला अजून वेळ आहे, पण फार नाही.